किती दिवस लागतील?



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते शाळेत गणित शिकवायचे. त्यांचे बरेच विद्यार्थी आज सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहेत, त्यांतला मीही एक. संयोजकांनी मला ‘आयटी आणि आजची तरुण पिढी’ असा विषय सुचवला होता. तो इतका ऐसपैस आहे की त्यावर कोणीही काहीही बोलू शकतं, आणि बोलतातही. म्हणून परवानगी घेऊन मी तो लहान करून घेतला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला कंपनीकडून नेमकं काय हवं असतं, एवढ्यावरच आज बोलणार आहे.

समोर ज्येष्ठ मंडळी बरीच दिसताहेत. त्यांच्या घरातलं कोणी ना कोणी हिंजवडीत, खराडीत नाहीतर न्यू जर्सीत असणार, आणि त्यांच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. या पोरांना आता आणखी काय हवं? आम्ही जिल्हा परिषदेत लाकडी खुर्चीवर, गरगरणाऱ्या पंख्याखाली नोकरी काढली. यांना फिरती खुर्ची, एसी, दारात बस, फुकट कॉफी, आणि तरी दर दोन वर्षांनी नोकरी बदलतात. ही तक्रार खोटी नाही. तिला सरळ उत्तर द्यायचा माझा प्रयत्न आहे.

पगाराचं आधी उरकून घेऊ. मोठ्या सेवा-कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या अभियंत्याचा वार्षिक पगार गेली दहा-बारा वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. त्याच काळात वाकडमधल्या टू-बीएचकेचं भाडं कुठल्या कुठे गेलं. तेव्हा पैशाची मागणी रास्तच आहे, आणि मुलं ती मोर्चा काढून नाही, राजीनामा टाकून करतात. २०२२च्या जूनअखेर इन्फोसिसने आधीच्या बारा महिन्यांत आपण होऊन नोकरी सोडणाऱ्यांचा दर जाहीर केला, तो २८.४ टक्के होता. दर चौघांत एकाहून अधिक. पण पगार वाढवून घेऊन थांबलेली आणि वर्षाच्या आत तरीही गेलेली माणसं या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिली आहेत. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग भागातल्या अभियंत्यांशी आणि हिशेबनिसांशी बोलून १९५९ साली हेच मांडलं होतं. कमी पगाराने माणूस नाराज होतो, पण भरपूर पगाराने त्याला कामाची गोडी लागतेच असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

मग गोडी कशाने लागते, आणि कशाने जाते? माझं उत्तर एका वाक्याचं आहे. काम किती दिवसांचं आहे हे ते करणाऱ्याला विचारावं, आणि त्याने सांगितलेलं ऐकावं. बाकीच्या बहुतेक मागण्या यातूनच फुटतात.

एक प्रसंग सांगतो. कंपनी कोणती, ते जाऊ द्या. परदेशातल्या एका बँकेसाठी कर्जखात्यांच्या व्याजाचा मासिक अहवाल नव्याने करून द्यायचा होता. काम आलं तीनेक वर्षांचा अनुभव असलेल्या एका मुलीकडे. तिने वहीत हिशेब मांडला. जुना कोड वाचायला दोन दिवस, कारण तो लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला आणि कागदपत्रांच्या नावाने शंख. नवा कोड लिहायला तीन दिवस. टेस्टिंगला दोन. दुसऱ्या कोणाकडून तपासून घेऊन दुरुस्त्या करायला एक. एकूण आठ. टीम लीडने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “गुरुवारी क्लायंटला डेमो आहे. चारात बसव.” त्यावर ती म्हणाली, “सर, तुम्ही अंदाज विचारत होता की तारीख सांगत होता?” खोलीत हशा पिकला. गुरुवार गुरुवारच राहिला.

अहवाल चार दिवसांत झाला. डेमोही झाला, क्लायंट खूश. कापले गेले होते ते वाचायचे दोन दिवस आणि टेस्टिंगचे दोन. जुन्या कोडमध्ये एका कोपऱ्यात एक नियम लपलेला होता. काही प्रकारच्या खात्यांना महिन्याचे दिवस सरसकट तीस धरायचे, काहींना प्रत्यक्ष मोजायचे. तो कोपरा वाचायला कोणाला सवडच मिळाली नव्हती. डेमोला घेतलेली माहिती होती नोव्हेंबरची. नोव्हेंबर तीस दिवसांचा, म्हणजे दोन्ही रीतींनी उत्तर एकच. सिस्टीम चालू झाली डिसेंबरात. एकतीस तारखेला व्याजाचे आकडे जुळेनात, आणि नववर्षाच्या पहिल्या रात्री अख्खी टीम कॉलवर. पुढे अप्रेझलमध्ये त्या मुलीच्या नावापुढे ‘क्वालिटी’च्या रकान्यात एक पायरी कमी पडली. वर्षाच्या आत ती गेली. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये एचआरने कारण नोंदवलं, ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’. ते तिनेच दिलं होतं. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड काढायचा असताना कोण भांडत बसेल?

हे एका टीमचं रडगाणं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या रॉस जेफरी आणि मायकेल लॉरेन्स यांनी १९८५ साली १०३ प्रकल्प तपासले. प्रश्न साधा होता, अंदाज कोणी बांधला आणि काम किती झपाट्याने झालं? आमच्या धंद्यात हा अभ्यास माहीत झाला तो टॉम डीमार्को आणि टिमथी लिस्टर यांच्या १९८७च्या ‘पीपलवेअर’ या पुस्तकामुळे. जिथे फक्त साहेबाने तारीख ठरवली होती तिथे कामाचा वेग सगळ्यांत कमी निघाला. साहेब आणि प्रोग्रामर यांनी मिळून ठरवली तिथे थोडा बरा, प्रोग्रामरने एकट्याने ठरवली तिथे आणखी किंचित बरा. त्यांच्याहून बरा निघाला सिस्टीम्स अ‍ॅनालिस्टने अंदाज दिलेल्या प्रकल्पांत, म्हणजे जिथे अंदाज देणाऱ्याला कामाची जाण होती पण काम त्याच्या गळ्यात पडणार नव्हतं. आणि सगळ्यांत जास्त वेग कुठे? जिथे कोणी अंदाजच मागितला नव्हता तिथे.

या शेवटच्या निष्कर्षावर आमची मुलं जाम खूश होतात. मी होत नाही. बँकेला महिनाअखेर गाठायचीच असते, आणि दिवाळीचा सेल कोणी दिवाळीनंतर लावत नाही. शिवाय प्रोग्रामरचे स्वतःचे अंदाजही भाबडे असतात. त्याला आपला कोड पहिल्या फटक्यात चालेल असंच वाटत असतं. त्या आकड्यांतून मी एवढंच घेतो की वरून लादलेली तारीख माणसाला पळवत नाही, उलट त्याचे पाय जड करते.

आता टीम लीड खलनायक आहे असं वाटून घेऊ नका. त्यालाही वरून तारीख आलेली असते. आपल्याकडचा बराचसा धंदा सेवेचा आहे. परदेशी क्लायंट कामाचं टेंडर काढतो, त्याला आमच्याकडे आरएफपी म्हणतात. आपली सेल्सची माणसं त्यावर बोली लावतात. समोर तीन-चार कंपन्या बोलीला असतात, तेव्हा कमी दिवस आणि कमी पैसे सांगणाऱ्याची सरशी होते. करारावर सह्या होतात तेव्हा काम करणारी टीम जमलेलीही नसते. म्हणजे आधी कार्यालय बुक करायचं, पत्रिका वाटायच्या आणि मग मुलीला विचारायचं, मुलगा पसंत आहे का? अशा वेळी तिने “नाही” म्हटलं तर तिलाच उद्धट ठरवतात.

काम ठरलेल्या रकमेत घेतलेलं असेल तर लागलेला प्रत्येक जादा दिवस कंपनीच्या नफ्यातून जातो. तासांवर घेतलेलं असेल तर उलटंच, लवकर संपवलं की बिलिंग बुडतं. दोन्हीकडे त्या मुलीच्या आठ दिवसांच्या प्रामाणिक हिशेबाला गिऱ्हाईक नाही. कंपनीच्या लेखी ती कोड लिहिणारी व्यक्ती नाही, क्लायंटला विकायचे दिवस आहे. ही माझी अतिशयोक्ती समजू नका. २०२५च्या जूनमध्ये टीसीएसने नियम लागू केला की प्रत्येकाचे वर्षाला किमान २२५ दिवस बिल झाले पाहिजेत, आणि प्रकल्पाविना म्हणजे बेंचवर वर्षात ३५ दिवसांहून जास्त राहता येणार नाही. पुढच्याच महिन्यात मनुष्यबळ सुमारे दोन टक्क्यांनी, म्हणजे साधारण बारा हजारांनी कमी करणार असल्याचं जाहीर झालं. बेंचवर बसणं हे एखाद्याच्या हातात किती असतं? नवे प्रकल्प आणणं हे त्याचं काम नव्हे. तरी दिवस मोजले जातात ते त्याचेच.

मध्यंतरी आठवड्याला किती तास काम करावं यावर देशभर गदारोळ झाला. २०२३ साली नारायण मूर्ती तरुणांनी सत्तर तास काम करावं म्हणाले, २०२५च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं बोलणं गाजलं. मूर्तींची इन्फोसिस १९८१ साली आपल्या पुण्यातच सुरू झाली, तेव्हा त्या मंडळींनी रात्रीचा दिवस केला असणार यात शंका नाही. पण ते स्वतःच्या कंपनीसाठी, स्वतः ठरवलेल्या कामासाठी. तासांच्या या वादात दोन्ही बाजू मला चुकलेल्या वाटतात. जास्त काम करण्याचं वावडं चांगल्या प्रोग्रामरला सहसा नसतं. एखादा बग डोक्यात शिरला की त्याला जेवणाची शुद्ध राहत नाही, हे त्याची बायको किंवा आई सांगेल. त्याला खटकतं ते दुसऱ्याने न विचारता दिलेल्या शब्दासाठी राबणं.

विचारून दिलेल्या शब्दाचं मोठं उदाहरण आपल्याच शहरात आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेकडून क्रे जातीचा महासंगणक मिळण्यात अडचणी येत होत्या. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली, तिचं नेतृत्व डॉ. विजय भटकरांकडे. भटकर हा किस्सा स्वतः सांगत आले आहेत. पंतप्रधान राजीव गांधींनी त्यांना विचारलं, आपल्याला जमेल का, किती दिवस लागतील, किती खर्च येईल? भटकरांच्या उत्तराचा आशय असा की महासंगणक आपण फक्त चित्रात पाहिला आहे, पण जमेल. क्रे आयात करायला लागेल त्याहून कमी वेळ लागेल आणि त्याच्या किमतीहून कमी पैसे लागतील. १९९१ साली परम ८००० तयार झाला. मुदत तिथेही होती, आणि चांगली कडक होती. पण ‘किती दिवस लागतील’ हा प्रश्न देशाच्या पंतप्रधानाने काम करणाऱ्या माणसाला विचारला होता, आणि उत्तर ऐकून घेतलं होतं. सरकारी चौकटीत हे होऊ शकलं, हे खासगी क्षेत्राची आरती ओवाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

वेळेवर हक्क म्हटला की दिवसातल्या तासांचाही प्रश्न येतो. कोड लिहिताना माणूस एकाच वेळी दहा-बारा गोष्टी डोक्यात धरून असतो. कोणती किंमत कुठून आली, पुढे कुठे जाणार, मधेच जोडणी तुटली तर काय. मधे कोणी “दोन मिनिटं आहेत का?” म्हणत खांद्यावर हात ठेवला की ती सगळी मांडणी कोसळते, आणि पुन्हा उभी करायला दोन मिनिटं पुरत नाहीत. डीमार्को आणि लिस्टर यांनी १९८४ ते १९८६ या काळात ९२ कंपन्यांतल्या सहाशेहून अधिक प्रोग्रामरांना एकच काम देऊन स्पर्धा घेतल्या होत्या. वरच्या आणि खालच्या फळीत जबर तफावत निघाली, पण तिचा पगाराशी फारसा संबंध लागला नाही. वरच्या पाव भागातल्यांना बसायला सरासरी ७८ चौरस फूट जागा होती, खालच्या पाव भागातल्यांना ४६. आपली जागा पुरेशी शांत आहे असं वरच्यांपैकी ५७ टक्के म्हणाले, खालच्यांपैकी २९ टक्के. चांगल्या माणसांना चांगली जागा मिळते की चांगल्या जागेमुळे माणसं चांगलं काम करतात, हे या आकड्यांवरून ठरत नाही, आणि लेखकांनीही ते कबूल केलं आहे. तरी आमच्याकडे चाळीस वर्षांनंतरही लांबच लांब टेबलं, कोपराला कोपर, आणि शेजारी सेल्सवाला स्पीकरवर.

त्यात कॉल. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. म्हणून दिवसभर काम करून झालेला माणूस रात्री जेवणाच्या ताटावरून “कॅन यू हिअर मी?” म्हणत उठतो. घरचे म्हणतात, सारखा फोनवरच असतो. खरं आहे. पण ती वेळ त्याने निवडलेली नसते.

घरून काम हाही याच माळेतला मणी. २०२० साली टीसीएसने मोठा गाजावाजा करून सांगितलं की २०२५पर्यंत फक्त पंचवीस टक्के लोकांनाच कचेरीत यावं लागेल. लोकांनी त्यावर भरवसा ठेवून गावाकडची घरं दुरुस्त केली, मुलांना तिथल्या शाळेत घातलं. २०२३च्या ऑक्टोबरपासून आठवड्याचे पाचही दिवस बोलावणं आलं. कचेरीत येण्याचे फायदे आहेत, नव्या मुलांना तर फारच; शेजारी बसून जे शिकता येतं ते स्क्रीनवर शिकता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. पण हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन २०१८च्या डिसेंबरात झालं, आणि तरी वर्षानुवर्षं भूमकर चौकातल्या गर्दीत उभं राहून कचेरी गाठायची वेळ ज्याच्यावर आली, त्याला शब्द फिरवला गेल्याचा राग जास्त आला, प्रवासाचा कमी.

बढतीबद्दल थोडं बोलतो, कारण आई-वडिलांची इथे फसगत होते. मुलगा दहा वर्षं ‘नुसता कोडच लिहितो’, अजून मॅनेजर नाही, म्हणून त्यांना काळजी. आणि कंपनीही त्याला तेच सांगते, वर जायचं तर कोड सोड आणि एक्सेल धर. यात एक चांगला प्रोग्रामर जातो आणि बहुधा एक सुमार मॅनेजर मिळतो. आयबीएमने साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच ‘फेलो’ हे पद काढून तंत्रज्ञाला तंत्रज्ञ राहूनच वर जायची वाट करून दिली होती. आपल्याकडेही अशी पदं कागदावर आहेत, आर्किटेक्ट, प्रिन्सिपल इंजिनिअर वगैरे. पण सेवा-कंपनीचा मनोरा खाली भरपूर स्वस्त फ्रेशर आणि वर मोजके महाग लोक असा रचलेला असतो. चाळिशीतला, कोडच लिहिणारा आणि चांगला पगार घेणारा माणूस त्या मनोऱ्यात कुठे बसवायचा, हे कोणालाच सुचत नाही. कपातीची यादी निघते तेव्हा तो आधी दिसतो.

आणि आता एआय. गेल्या दोन वर्षांत प्रत्येक प्लॅनिंग मीटिंगमध्ये नवं वाक्य ऐकू येतं, “एआय आहे ना आता, अर्ध्या वेळात होईल.” पुन्हा तेच. अंदाज कोणी मांडला? ज्याला काम करायचं नाही त्याने. मेटर या अमेरिकी संस्थेने २०२५ साली १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्या ओळखीच्याच मोठ्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली, काही एआयची साधनं वापरून आणि काही न वापरता. साधनं वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. मजा पुढेच आहे. काम संपल्यावरही त्या लोकांना वाटत होतं की आपला वेळ वीस टक्क्यांनी वाचला. अभ्यास लहान आहे, साधनं झपाट्याने सुधारताहेत, आणि नवं कोरं, लहान काम एआय खरोखर चुटकीसरशी करतं, मी स्वतः रोज वापरतो. तेव्हा यातून एआय निरुपयोगी असा अर्थ काढू नका. पण करणाऱ्यालाच जिथे आपला वेळ वाचला की गेला हे कळत नाही, तिथे तीन मजले वर बसलेल्याला ते कसं कळतं?

यावर उपाय कोणी करायचा? नव्या मुलांना मी सांगत असतो, मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणतात तेव्हा विचारा की तुमच्याकडे तारखा कोण ठरवतं. पण मला ठाऊक आहे, कॅम्पसमधून पहिली नोकरी मिळवणारा मुलगा हे विचारणार नाही, आणि त्याने विचारू नये असं त्याच्या आईलाही वाटेल. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत, त्या लेखी तक्रारी घेऊन कामगार आयुक्तांकडे जातात. नोकरीवर रुजू करून घेण्यातली दिरंगाई, सक्तीचे राजीनामे अशा गोष्टी त्यांच्यामुळे निदान उजेडात तरी येतात. गुरुवारी डेमो की पुढच्या बुधवारी, हे मात्र कामगार आयुक्त ठरवू शकत नाहीत. ते ठरतं बोली लावायच्या खोलीत, आणि त्या खोलीत बसणारे डिलिव्हरी मॅनेजर, व्हाइस प्रेसिडेंट या सभागृहातही आहेत. सरांचेच विद्यार्थी. त्यांना ओळख दाखवून अडचणीत आणत नाही.

त्यांचं नेहमीचं उत्तर असं की क्लायंट ऐकत नाही. माझा अनुभव थोडा निराळा आहे. क्लायंटच्या घरीही प्रोग्रामर असतात आणि त्यांनाही हीच दुखणी असतात. एका प्रकल्पात आम्ही प्रत्येक तारखेखाली तीन ओळी लिहायला लागलो. हा आकडा कोणी दिला, त्यात कशाकशाचे किती दिवस धरले आहेत, आणि दिवस कमी केले तर यातलं काय वगळलं जाईल. आकडाही एकच द्यायचा नाही, सहा ते दहा दिवस असा द्यायचा, आणि दहा कशाने होतील तेही लिहायचं. सेल्सची माणसं सुरुवातीला जाम वैतागली. असं लिहिलं तर काम हातचं जाईल म्हणाली. काही तारखा पुढे गेल्या. काही अजिबात हलल्या नाहीत, क्लायंटला खरोखरच घाई होती, आणि मुलांनी त्या कुरकुर न करता गाठल्या, कारण घाई कशाची ते त्यांना कळलं होतं. काही ठिकाणी क्लायंटने टेस्टिंगचे दिवस कापायला सांगितलं आणि तसं लिहून दिलं. पुढे तिथे घोळ झालाच. पण अप्रेझलच्या मीटिंगमध्ये त्या पोराच्या नावापुढे पायरी कमी करायला निघालेल्या साहेबापुढे तो सहीचा कागद ठेवता आला.